कागदावर ‘हो’ असलेलं शौचालय

शेजारच्या गावांतल्या शाळा व्यवस्थापन समित्यांकडून विचारणा होतेय, की तुम्ही शाळेची ऑनलाइन माहिती दुरुस्त करून घेतलीत ती नेमकी कशी. फोनवर सांगताना प्रत्येक वेळी काहीतरी राहतंच. म्हणून जुलै २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात जे झालं ते ओळीने लिहून ठेवते. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम घालत नाही. ज्यांच्याशी या काळात भांडले, त्यातली बहुतेक माणसं आपापल्या खुर्चीत अडकलेली होती, त्यांना नावानिशी चव्हाट्यावर आणायचं नाही. रत्नागिरी-रायगडच्या किनारपट्टीतलं खाडीकाठचं गाव, वर सडा म्हणजे कातळाचं पठार, सड्याच्या उतारावर जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, एवढं पुरे.

सगळं सुरू झालं मुलींच्या शौचालयावरून. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात त्याचे पत्रे उडाले. ग्रामपंचायतीने त्या पावसाळ्यापुरते म्हणून दोन जुने पत्रे टाकले, ते आजतागायत तिथेच आहेत. दरवाजाची वरची बिजागरी गेलेली, त्यामुळे तो खालच्या एकीवर कलता उभा. कडी बसत नाही म्हणून आतल्या खिळ्याला नायलॉनची दोरी. मुली कायम जोडीने जातात, एक आत आणि एक बाहेर दरवाजा दाबून धरून. वर टाकी आहे, टाकीला नळ आहे, नळाला पाणी नाही. विहिरीवरून अर्धी बादली न्यायची. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. बाटली भरून द्यायचे, ती तशीच भरलेली घरी यायची.

जून २०२४मध्ये समिती नव्याने झाली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका लागतात. आमच्याकडे बायका जमवायला अडचण नव्हती, कारण पुरुषमंडळी निम्मी मुंबईला आणि उरलेली होडीवर. अध्यक्षपद घ्यायला कोणी तयार होईना, ते माझ्याकडे आलं. पहिल्याच बैठकीत शौचालयाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव केला, ग्रामपंचायतीमार्फत वर पाठवला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तोंडी उत्तर आलं : “तुमच्या शाळेत मुलींचं शौचालय कार्यरत दिसतंय. आधी ज्यांच्याकडे नाहीच, त्यांचा नंबर.”

“कुठे दिसतंय?” मी विचारलं.

“ऑनलाइन. यूडायसला.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यूडायस म्हणजे देशातल्या शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद. देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढे जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी शाळा. हा क्रमांक शाळेच्या फलकावर रंगवलेला असतो, नाहीतर मुलाच्या दाखल्यावर मिळतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्कूल’ म्हणून भाग आहे, तिथे तो टाकला की शाळेचं प्रगतिपत्रक उघडतं. लॉगिन लागत नाही, पैसे पडत नाहीत. मुलांची नावं तिथे दिसत नाहीत, फक्त वर्गवार संख्या दिसते. खोल्या किती, शौचालयं किती आणि त्यातली चालू किती, पाणी, वीज, रॅम्प, ग्रंथालय, मैदान, शिक्षक किती, हे सगळं असतं. शाळेतून हे मुख्याध्यापक भरतात, केंद्रप्रमुख आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातून तपासून ते पुढे जिल्ह्याला जातं.

आमच्याकडे रेंज फक्त सड्यावर. ऐन जुलैच्या पावसात छत्री धरून तिथे उभी राहून मी ते पान उघडलं. मुलींचं शौचालय १, कार्यरत १. हात धुवायला पाणी, हो. वीज, हो. वीज आहे हे खरं, पण बिल थकलं म्हणून मार्चमध्ये महिनाभर तोडली होती. ग्रंथालय, हो. ते म्हणजे बाईंच्या टेबलाखालची पत्र्याची ट्रंक. आणि पट, म्हणजे नोंदलेल्या मुलांची संख्या, १८. शाळेत त्या दिवशी हजेरीवर २२ मुलं होती.

शौचालयापेक्षा या शेवटच्या आकड्याने धडकी भरली. कारण सांगते. सप्टेंबर २०२३मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणं तेव्हा प्रत्येक बैठकीत ऐकवली जायची. राज्यात अशा शाळा तेव्हा १४ हजारांहून अधिक आणि त्यात कोकणातल्या वाड्यावस्त्यांच्या कितीतरी. त्यात १५ मार्च २०२४चा संच मान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याचा, निर्णय आला. सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर तिथे शिक्षकाचं पदच मंजूर होणार नाही, हे कळल्यावर शेजारच्या मोठ्या शाळेत पालकांनी मोर्चाच नेला. आमची चौथीपर्यंतची असली तरी भीती तीच. नियमाने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. पण आमच्याकडचा एक किलोमीटर म्हणजे एक चढ, एक व्हाळ आणि पावसात बंद होणारी पाखाडी.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. आमच्या बाई बदलीने २०२३मध्ये आलेल्या, मूळच्या सांगलीकडच्या. त्यांनी रजिस्टर, मोबाइल आणि एक छापील तक्ता असं तिन्ही समोर ठेवलं.

“वहिनी, आपल्या शाळेचे पट तीन आहेत,” त्या म्हणाल्या. “हजेरीवर बावीस. तुम्ही पाहिलात तो अठरा, तो जुन्या वर्षाचा, कारण ते पान एक वर्ष मागे चालतं. आणि संच मान्यतेला धरतात तो आधार जुळलेल्या मुलांचा. तो आपला पंधरा.”

सात मुलं वर्गात बसलेली, पण शिक्षक मंजूर करणाऱ्या कागदावर नाहीत. म्हणजे कामं दोन होती. पट जुळवायचा, आणि शौचालयाचं ‘हो’ खोडून ‘नाही’ करून घ्यायचं. मला वाटलं होतं पट अवघड जाईल आणि शौचालय सोपं. झालं उलटं.

पट आधी. यूडायसची मोजणी ३० सप्टेंबर या तारखेला धरून होते, त्यामुळे तोवर हातात अडीच महिने होते. त्या सातांपैकी चौघांच्या नावात किंवा जन्मतारखेत फरक होता. एकीच्या आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एच’ जास्त, एकाच्या वडिलांचंच नाव आडनावाच्या जागी. एक मुलगा मुंबईत जन्मलेला. लॉकडाऊनमध्ये आईबाप गावी आले ते इथेच राहिले. त्याच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, कारण नोंदणीच्या वेळी दाखला हाताशी नव्हता. त्याचा महापालिकेचा जन्मदाखला आणायला त्याच्या मामाला परळहून वॉर्ड ऑफिसला जावं लागलं. एका मुलीचं निळं बाल आधार होतं. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे द्यायचे असतात हेच घरी माहीत नव्हतं. पाच ते सात वयात ते फुकट होतं. नाव किंवा तारीख दुरुस्तीला तेव्हा ५० रुपये होते, आता वाढलेत. केंद्र तालुक्याला, आमच्याकडून एसटीने सव्वा तास. सकाळी पहिल्या गाडीने गेलात तर टोकन मिळतं, दुसरीने गेलात तर मिळत नाही. टोकन मिळूनही सर्व्हर बंद पडला की परत या. ज्यांची एका दिवसाची मजुरी बुडते, त्यांना हे पुन्हापुन्हा कोण सांगणार? आम्ही मग गणपतीआधी दोन बायकांनी पोरांना एकत्रच नेलं. पालकाने सोबत येणं गरजेचं असतं, त्यामुळे प्रत्येक घरातलं कोणीतरी एक धरून आणलं. वडापाव समितीकडून, म्हणजे माझ्याकडून.

उरलेली दोघं म्हणजे आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराची मुलगा-मुलगी. ती बारमाही इथेच असतात, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलतात. आधार नाही. कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही हे कायद्यात आहे, आणि बाईंनी तो कधी नाकारलाही नव्हता. यूडायसमध्ये आधारशिवायही मुलाची नोंद होते, ती त्यांनी केली. म्हणजे सार्वजनिक पानावर ही दोघं मोजली जातात आणि संच मान्यतेच्या तक्त्यात मोजली जात नाहीत. तुमच्या शाळेत असं मूल असेल तर निदान पहिली नोंद झाली आहे ना, हे बघा. ‘आधार आलं की टाकू’ म्हणून राहिलेली मुलं मी नंतर दोन शाळांत पाहिली.

याच धावपळीत एक प्रकार घडला. आधारला न जुळणाऱ्या मुलांची यादी पालकांना लवकर कळावी म्हणून कोणीतरी तिचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, आईचं नाव आणि पूर्ण बारा आकडी आधार क्रमांक. त्या ग्रुपवर मुंबई मंडळाची माणसं धरून दोनेकशे जण. हेतू वाईट नव्हता. मी फोन करून सगळ्यांसाठी डिलीट करायला लावलं, तोवर किती जणांनी उतरवून घेतलं असेल देव जाणे. पुढच्या बैठकीत ठरावच केला : मुलांची यादी ग्रुपवर जाणार नाही, ज्याचं काम त्याला निरोप, आणि कागदावर आधारचे शेवटचे चारच आकडे. एक काका म्हणाले, “अगो, शाळेचा सगळा हिशोब उघडा कर म्हणतेस, आणि यादी झाक म्हणतेस. एक काय ते ठरव.” मी म्हटलं, शौचालय सरकारच्या पैशाचं आहे, ते अख्ख्या जगाने बघावं. पोराचा आधार नंबर पोराचा आहे.

आता शौचालय. जुलैच्याच बैठकीत लेखी ठराव घेतला. ठरावात ‘शौचालय खराब आहे’ असं मोघम लिहू नका. यूडायसच्या अर्जाबरोबर ज्या सूचना असतात, त्यात ‘कार्यरत’ कशाला म्हणायचं हे दिलेलं आहे : पाणी उपलब्ध, भांडं न फुटलेलं, दुर्गंधी कमी, नियमित सफाई, सांडपाण्याचा निचरा होतो, मुलांना जाता येतं आणि दरवाजा बंद होतो. आम्ही तेच मुद्दे घेतले आणि प्रत्येकापुढे आमची स्थिती लिहिली. दरवाजा बंद होत नाही, पाणी नाही. सोबत तारखेसकट फोटो. दोन प्रती, एकीवर पोच. पोच दिल्याशिवाय मूळ प्रत हातातून सोडायची नाही, हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. त्यांचं अर्धं आयुष्य तलाठी कार्यालयाच्या बाकावर गेलं.

ठराव केंद्रप्रमुखांमार्फत तालुक्याला गेला. काही दिवसांनी मी स्वतः गेले. माहिती भरणाऱ्या टेबलावरचा तरुण कंत्राटी होता, चहा विचारला, खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं, “ताई, मागच्या वर्षी ‘हो’ आणि या वर्षी ‘नाही’ झालं, की वरून विचारणा येते. मग मलाच खुलासा लिहावा लागतो.” वर बसलेल्यांनी वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. थोडी डागडुजी करून घ्या, ‘हो’ राहू द्या, कशाला शाळेचं नाव खराब करता.

हे असं का होतं यावर मी नंतर बरंच वाचलं. शाळांच्या या माहितीतूनच राज्यांची श्रेणी ठरते. ‘परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स’ म्हणतात त्याला, राज्याला हजार गुणांपैकी, जिल्ह्याला सहाशेपैकी. पायाभूत सुविधांचे गुण त्यात असतात. एखाद्या वाडीतला दरवाजा ‘नाही’ झाला तर जिल्ह्याचं काही बिघडत नाही, पण खालपासून वरपर्यंत प्रत्येकाला आपला तक्ता मागच्या वर्षापेक्षा खाली आलेला दाखवायचा नसतो. वर जाणारा आकडा कोणी तपासत नाही, खाली येणाऱ्याचा खुलासा द्यावा लागतो. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. शिक्षकांच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न त्यानंतरचा. आमच्या बाईंना तर शिकवण्याच्या वेळेतून रोज दोन-तीन ऑनलाइन तक्ते भरावे लागतात, त्यासाठी त्याही सड्यावरच जातात. मागच्या वर्षीची माहिती तशीच पुढे ओढली तर त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

मग २१ ऑगस्टला माहिती अधिकारात अर्ज टाकला. आमच्या शाळेचे मागच्या तीन वर्षांचे भरलेले यूडायस अर्ज, त्यातले सुविधांचे भाग आणि त्यावरची प्रमाणपत्रं, यांच्या प्रती. मुलांच्या माहितीची पानं नकोत, असं स्पष्ट लिहिलं. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, तेव्हा गाऱ्हाणं मांडत बसू नका, फक्त कागद मागा. ‘का’ विचारलंत तर उत्तर टाळता येतं, ‘प्रत द्या’ म्हटलं तर टाळणं अवघड जातं.

तीस दिवसांची मुदत. मध्ये गणपती आले, ७ सप्टेंबरला. कोकणातलं कुठलंही कार्यालय त्या काळात किती चालतं ते सांगायला नको, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कुठे चालतो. २७ सप्टेंबरला पाकीट आलं. आत एक ओळ : मागितलेली माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे.

संकेतस्थळावर काय आहे ते बघूनच तर मी अर्ज केला होता! त्या रात्री चिडून झोप लागली नाही. नवरा म्हणाला, सोड, आपण पैसे काढून दरवाजा बसवू. दरवाजा बसवता आला असता. पण पाणी आणि पत्रे धरून खर्च समितीच्या आवाक्याबाहेर होता. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचं शाळा अनुदान आमच्याएवढ्या पटाला वर्षाचं दहा हजार, त्यात खडूपासून वीजबिलापर्यंत सगळं. आणि आम्ही वर्गणीतून बसवला असता तर कागदावरचं ‘हो’ कायमचं खरं ठरलं असतं.

७ ऑक्टोबरला पहिलं अपील केलं. त्याला २० रुपयांचा स्टॅम्प, आणि उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. ते त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. मग दिवाळी, मग २० नोव्हेंबरचं मतदान, शिक्षक सगळे निवडणुकीच्या कामाला. अपिलाचा निकाल फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवा, तो काळ या गडबडीतच सरला. सुनावणी झाली २८ नोव्हेंबरला.

सुनावणी या शब्दाची मी धास्ती घेतली होती. प्रत्यक्षात एक टेबल, पलीकडे दोघं, अलीकडे मी, दहा-बारा मिनिटं. मी एवढंच म्हटलं, की संकेतस्थळावर आकडा आहे, मला त्या आकड्याखालची सही बघायची आहे. अधिकारी भले निघाले. प्रती देण्याचा आदेश तिथल्या तिथे लिहिला. पानाला दोन रुपये, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कागद हातात.

त्या कागदांत काही कारस्थान वगैरे निघालं नाही. तिन्ही वर्षांचे अर्ज सारखेच होते. ज्या वर्षी विहिरीवरचा पंप चोरीला गेला त्या वर्षीही पाणी ‘हो’. बहुतेक रकाने जसेच्या तसे उतरलेले, खाली मुख्याध्यापकांची सही, तपासणी करणाऱ्याची सही आणि तारीख. तपासणीला शाळेत कोणी कधी येऊन गेल्याची भेट-नोंदवहीत नोंद नव्हती. ती वही बघायचा अधिकार समितीला आहे, म्हणून मी आधीच बघून ठेवली होती. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर आवाज चढवायची गरज उरत नाही.

तोवर २०२४-२५चं माहिती भरायचं काम सुरूच होतं, मुदत वाढत गेली होती. शिक्षकांच्या मागे ४ डिसेंबरचं परख सर्वेक्षणही होतं. त्यावर एका पालकाने विचारलं, की मग आपल्या शाळेचा त्यात नंबर कितवा? त्यातून शाळेचा नंबर निघत नाही. ते निवडक शाळांतल्या तिसरी, सहावी, नववीच्या मुलांची चाचणी घेऊन राज्य-जिल्ह्याचं चित्र सांगतं. आपल्या शाळेत किती पोरांना धडा वाचता येतो हे बघायचं असेल तर वर्गात जाऊन बसायचं. आम्ही जानेवारीत बसलो, पण तो वेगळा विषय आहे.

त्याच सुमारास ‘अपार’चे संमतीपत्र आले. प्रत्येक विद्यार्थ्याला देशभरासाठी एकच बारा आकडी ओळख क्रमांक. पालक सह्या करून परत देत होते, न वाचता. मी बैठकीत तो कागद मोठ्याने वाचला : आधारची माहिती कशासाठी वापरली जाणार, संमती मागे घेता येते, वगैरे. वाचल्यावर बहुतेकांनी सह्या केल्याच, दोघींनी नाही केल्या. बाईंनी त्यांना एका शब्दाने टोकलं नाही. वरून किती टक्के झाले याची रोज विचारणा येत असताना हे सोपं नव्हतं.

जानेवारी २०२५मध्ये आमच्या अर्जाचा मसुदा भरून झाल्यावर बाईंनी तो समितीच्या बैठकीत ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठेवला. आम्ही ओळ न् ओळ वाचली. मुलींचं शौचालय १, कार्यरत ०. हात धुण्याचं पाणी, नाही. ग्रंथालयावर वाद झाला. ट्रंकेतली पुस्तकं मुलं खरोखर घरी नेतात, मग ते ‘हो’च ठेवलं. पट २१, कारण एक कुटुंब ऑगस्टमध्ये पनवेलला गेलं. खाली समितीच्या सह्या घेतल्या आणि ठरावाची प्रत जोडली. तालुक्याहून विचारणा आली, ठरल्याप्रमाणे. बाईंनी खुलासा म्हणून तोच ठराव आणि फोटो पाठवले. परत प्रश्न आला नाही. वर्षभर ज्याची भीती घातली ते काम एका पाकिटात उरकलं.

एक गोष्ट मात्र आमच्या हाती नव्हती. दिवाळीनंतर चिरेखाणीवर विजापूरकडची कुटुंबं येतात, पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यांची पाच मुलं नोव्हेंबरपासून शाळेत बसत होती. ३० सप्टेंबरला ती इथे नव्हती, म्हणून त्या वर्षाच्या आकड्यात ती आमची नाहीत. यूडायसमध्ये मूल एकाच शाळेच्या नावावर असतं, जुन्या शाळेने सोडल्याशिवाय नव्या शाळेत ओढता येत नाही, आणि ती शाळा कर्नाटकात. बाईंनी त्यांना वर्गात बसवलं, खिचडीला बसवलं आणि जाताना शिक्षण हमी पत्रक दिलं, पुढच्या शाळेत शिक्षण चालू राहावं म्हणून. वर्षातले सहा महिने आमच्या वर्गात पाच मुलं जास्त असतात, आणि देशाच्या कुठल्याही तक्त्यावर ती आमच्या शाळेत नाहीत.

२०२४-२५ची माहिती ऑगस्ट २०२५च्या अखेरीस जाहीर झाली, गणपतीतच. चाकरमानी घरी आलेले. गौरीविसर्जनानंतर मी पान उघडलं. कार्यरत ०. पट २१. मला आनंद झाला, पण तो गावातल्या सगळ्यांना झाला नाही. आमच्याकडून दोन इंग्रजी शाळांच्या व्हॅन जातात. “आता ते लोक हेच पान दाखवून आपली पोरं उचलतील,” असं आरतीला जमलेल्यांत बोलणं झालं. ही भीती खोटी नाही. शाळेची खरी माहिती सरकार वाचतं तशी शेजारची शाळाही वाचते, आणि पालक घाबरून मूल काढतो तेव्हा पट आणखी घसरतो. माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. एवढंच केलं, की त्या व्हॅनवाल्या शाळांची पानंही उघडून दाखवली. खाजगी शाळांनाही यूडायस भरावं लागतं. एकीत मैदान नाही, ते लोकांनी पहिल्यांदा वाचलं. त्या वर्षी तरी कोणी मूल काढलं नाही.

शौचालयाचा प्रस्ताव सप्टेंबरमध्ये पुन्हा पाठवला, या वेळी पानाची छापील प्रत जोडून. ‘आधी नसलेल्यांचा नंबर’ या यादीत आता आम्ही आहोत. अंदाजपत्रकासाठी माणूस येऊन मोजमाप घेऊन गेला, मंजुरी अजून यायची आहे. तोवर दरवाजाला दुसरी बिजागरी आम्ही ठोकून घेतली, साठ रुपयांत.

तुम्हाला करायचं असेल तर सप्टेंबरच्या समिती बैठकीत शाळेचं पान सगळ्यांसमोर उघडा. रेंज नसेल तर आधीच स्क्रीनशॉट काढून न्या. उठून शाळेला एक फेरी मारा, आणि जिथे ‘हो’ आणि डोळ्यांना दिसतं ते जुळत नाही तेवढंच ठरावात घ्या, पोच घ्या. माहिती भरायचं काम सुरू व्हायच्या आधी हे केलंत तर बहुधा माहिती अधिकारापर्यंत जावंच लागणार नाही. आमच्या ठरावाची प्रत ज्यांना हवी असेल त्यांनी सांगा, मुलांची नावं झाकून पाठवते.